चंद्रावरील दोन भागीदार

वेल्सच्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’ या १९०१ सालच्या कादंबरीची एक जुनी प्रत आमच्या संग्रहीं आहे. घरांतील मुलें ती घेऊन जातात, आणि परत आणून देतात तेव्हां चंद्रावरील प्रचंड गुरांविषयीं किंवा एका उडींत दरी ओलांडणाऱ्या माणसांविषयीं बोलत असतात. अशा कथा मुलांसाठींच असतात ही समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. ज्यूल व्हर्नला मराठींत आणण्याचें मोठें काम भा. रा. भागवतांनीं केलें तेंही मुख्यतः मुलांसाठींच, व त्या उपकाराच्या ओझ्याखालीं आम्हीही आहों. परंतु पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही हें पुस्तक उघडतों तें चंद्रासाठीं नव्हे. चंद्रावर १९६९ सालीं माणसें जाऊन आलीं. तेथें गुरें नाहींत, श्वासापुरती हवा नाहीं. वेल्सचा चंद्र त्या वर्षीं मावळला असें म्हणावयास हरकत नाहीं. मावळला नाहीं तो त्या कथेंतील दोन माणसांचा व्यवहार.

बेडफर्ड हा सट्ट्यांत बुडालेला तरुण. घेणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवून केंट परगण्यांतील लिम्न या गांवीं तो एक बंगली घेतो व नाटक लिहून पैसे मिळवावे असा बेत करतो. (दिवाळें निघालेल्या माणसास नाटकानें आपण सावरूं असें वाटावें, हा भ्रम केवळ इंग्लंडांतलाच नव्हे.) रोज सायंकाळीं ठराविक वेळीं त्याच्या खिडकीसमोरून एक ठेंगणा, वाटोळ्या अंगाचा व काटकुळ्या पायांचा गृहस्थ क्रिकेटची टोपी घालून, तोंडानें भुंग्यासारखा आवाज करीत जातो, ठराविक जागीं घड्याळ पाहतो व मागें फिरतो. हा केव्हर, शास्त्रज्ञ. बेडफर्ड त्याला त्या आवाजाबद्दल हटकतो, आणि त्या क्षणापासून बिचाऱ्याचें फिरणें नासतें. कारण आपण आवाज करतों हें आतां त्यास कळलेलें असतें. विचाराची ही वाट बंद झाली म्हणून तो ती बंगलीच विकत मागावयास येतो! हा प्रसंग विनोदाचा म्हणून वाचला जातो. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, बेडफर्डनें केव्हरपासून जें पहिलें हिरावून घेतलें तें येथेंच, व तें म्हणजे त्याचा एकान्त. सोन्याची गोष्ट त्यानंतरची.

केव्हर एका द्रव्याच्या शोधांत असतो. कांहीं पदार्थ प्रकाशाला अडवितात, कांहीं उष्णतेला. तसें गुरुत्वाकर्षणाला अडविणारें द्रव्य त्याला हवें असतें. तें सिद्ध झाल्यास त्यास आपलें नांव मिळेल, रॉयल सोसायटी आपणांस सभासद करून घेईल, शास्त्रीय नियतकालिकांत आपलें चित्र येईल, इतकीच त्याची हांव. बेडफर्डच्या डोळ्यांपुढें मात्र कंपन्या, मक्ते व भागभांडवल नाचूं लागतें. एकानें द्रव्य तयार करावयाचें आणि दुसऱ्यानें बाजारांत त्याचा गाजावाजा करावयाचा, एवढाच करार. कागद नाहीं, साक्षीदार नाहीं. पण खरी उणीव ती नव्हे. एकाला कीर्ति हवी आहे, दुसऱ्याला पैसा, आणि मागण्या वेगळ्या असल्यामुळें आपलें भांडण होणारच नाहीं असें दोघेही धरून चालतात. हिशेब वरवर पाहतां बिनचूक आहे.

आमच्या परिचयाच्या दोन प्राध्यापकांनीं मिळून पदार्थविज्ञानाचें एक पाठ्यपुस्तक लिहिलें होतें. एकास विद्वत्तेचा मान हवा होता, दुसऱ्यास मुलीच्या लग्नासाठीं पैसा. तिसऱ्या आवृत्तींत पुस्तकावर एकच नांव राहिलें, व तें ज्याला पैसा हवा होता त्याचें होतें. मान मिळूं लागला म्हणजे तो कोणास नको असतो? दोघेही आमच्याकडे चहास येत. पुढें पुढें एक आला म्हणजे दुसरा कसा आहे हें आम्ही विचारीनासे झालों.

मग केव्हर तरी अगदीं निष्पाप होता काय? बहुतेक टीकाकार त्याला भोळा ठरवून सोडून देतात. आमचें मत तसें नाहीं. १८९९ च्या ऑक्टोबरांत तें द्रव्य अपघातानेंच तयार होतें. भट्टी कोणी सांभाळावी यावर त्याच्या तीन मदतनिसांत वाद होऊन ते ती टाकून गेलेले असतात. द्रव्य अकालीं थंड होतें, त्याच्या वरच्या हवेचें वजन नाहींसें होतें, आणि ती हवा कारंज्यासारखी आकाशांत उसळून घराचीं छपरें घेऊन जाते. चिखलानें माखलेला केव्हर, मदतनीस मेले असावे काय याचा विचार करतो, व मेले असल्यास फारशी हानि नाहीं अशा निर्णयास येतो. (ते गुत्त्यांत वाद घालीत बसल्यामुळें वाचतात.) शेजाऱ्यांच्या नुकसानीचें काय? लोक याला वादळ समजतील, समजूं द्यावें. आपद्ग्रस्तांसाठीं वर्गणी निघालीच तर तींतून आपणांसही कांहीं मिळेल! हें बोलणारा मनुष्य लोभी नाहीं, क्रूरही नाहीं. त्याला आपल्या शोधाखेरीज दुसरें कांहीं दिसतच नाहीं. लोभी माणसाशीं भागी करूं नये हें आपणांस आईबापांनीं लहानपणींच सांगितलेलें असतें. निर्लोभी माणसाशीं केलेली भागी किती धोक्याची असते हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

चंद्रावर उतरल्यावर गोळा कोठें राहिला हेंच दोघांना सांपडत नाहीं. भुकेनें व्याकुळ होऊन ते तेथली एक वनस्पति खातात, तिची नशा चढते, आणि नशेंत बेडफर्ड चंद्र आपल्या साम्राज्यास जोडण्याच्या गोष्टी बोलूं लागतो. (आपल्या देशांतील वाचकास या विनोदाची चव निराळी लागते, पूर्ण शुद्धीवर असतांना तेंच करणारे आपण पाहिलेले आहेत.) मुंग्यांच्या जातीचे चंद्रवासी त्यांना पकडून सोन्याच्या सांखळ्यांनीं बांधतात. केव्हरला वाटतें, यांच्याशीं भूमितीच्या आकृति काढून बोलावें. बेडफर्डचें लक्ष सांखळीच्या धातूकडे. पुढें एका अरुंद पुलापाशीं बेडफर्डची मूठ चालते, एक चंद्रवासी चिरडून मरतो, आणि बोलण्याची वेळ कायमची निघून जाते.

पळून वर आल्यावर गोळा शोधण्यासाठीं दोघे दोन दिशांना जातात. बेडफर्डला गोळा सांपडतो. परत येऊन तो हांका मारतो. हातीं लागते ती केव्हरची टोपी, आणि रक्ताचा डाग पडलेला एक चुरगळलेला कागद: गुडघा दुखावला आहे, पळवत नाहीं. सूर्य मावळत असतो. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांची, आणि या कथेंत तिच्या थंडीनें हवासुद्धां गोठते. बेडफर्ड गोळ्याकडे धांव घेतो व एकटा पृथ्वीवर येतो. बरोबर सोन्याचे दांडे असतात. पुढें तो इटलींत अमाल्फी येथें जाऊन राहतो, आणि केव्हर भेटण्यापूर्वीं योजलेलें तेंच नाटक पुनः लिहावयास घेतो!

हा विश्वासघात झाला काय? न्यायालयांत तो सिद्ध होणार नाहीं. थांबला असता तर दोघेही मेले असते. परंतु साक्षीदार एकच आणि तोच आरोपी, अशी ही फिर्याद आहे. पुढें आल्प्समधील माँटे रोझा पर्वतावर एका डच विद्युत्तज्ज्ञाच्या यंत्रावर केव्हरचे बिनतारी संदेश येऊं लागतात. बेडफर्डविषयीं त्यांत जें थोडेंसें आहे तें स्नेहाचें नाहीं: गडी अविचारी व भांडखोर होता, आणि गोळा घेऊन निसटला असा त्याचा ध्वनि. बेडफर्ड ते संदेश प्रसिद्ध करतो व आपला खुलासाही जोडतो. तो खोटा आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. परंतु सोबती चंद्राच्या पोटांत अडकलेला असतां ज्यास आपल्या अब्रूची काळजी वाटते, त्याचा खुलासा खरा असूनही पुरा पडत नाहीं.

आपल्याकडे ही कथा फार जुनी आहे. आदिपर्वांतील कच शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून येतो, पण देवांनीं त्यास पाठविलेलें असतें तें संजीवनी विद्येसाठीं. खाडिलकरांचें ‘विद्याहरण’ (१९१३) ज्यांच्या घरांत गाजलें त्यांना हें सांगावयास नको. दैत्य कचाची राख मद्यांत कालवून गुरूलाच पाजतात. आतां शिष्य बाहेर यावयाचा तर गुरूचें पोट फाडून. आणि गुरु पुनः उठावयाचा तर शिष्याला विद्या यावयास हवी. शुक्राचार्य पोटांतल्या शिष्याला मंत्र शिकवितात, व कच बाहेर येतो. त्या क्षणाकडे वाचकांनीं नीट पाहावें. समोर गुरु मरून पडलेला आहे. ज्यासाठीं इतकीं वर्षें सेवा केली ती विद्या हातीं आली आहे. शत्रुपक्षाच्या आचार्याची आतां कांहींएक गरज उरलेली नाहीं, आणि त्याला तसाच ठेवून स्वर्गाची वाट धरली असती तर एकाही देवानें कचाला बोल लावला नसता. कच मंत्र म्हणतो व गुरूला उठवितो. देवयानीच्या शापाची कथा अधिक गाजली, परंतु आमच्या मतें या आख्यानाचा प्राण येथें आहे. सख्याची परीक्षा करार होतांना होत नाहीं. एकाचें काम झालें आणि दुसऱ्याची गरज संपली, त्या घटकेला ती होते.

व्हर्नच्या चंद्रप्रवाशांवर अशी घटका येतच नाहीं. त्याच्या १८६५ च्या कादंबरींत बार्बिकेन तोफा करतो व निकोल चिलखतें, म्हणून दोघे हाडवैरी. फ्लॉरिडाच्या रानांत द्वंद्वयुद्ध ठरतें. पाहावें तों निकोल कोळ्याच्या जाळ्यांतून एक पांखरूं सोडवीत आहे, आणि बार्बिकेन गणितांत गढून द्वंद्व साफ विसरला आहे! अशा वैऱ्यांना एकाच गोळ्यांत बसवून चंद्राकडे धाडण्यास कांहींच अडचण नव्हती. उतारवयांत व्हर्ननें वेल्सविषयीं तक्रार केली कीं, मी पदार्थविज्ञानाचा उपयोग करतों, हा गृहस्थ गुरुत्व नाहींसें करणारा धातु कल्पनेनें निर्माण करतो. तो धातु दाखवा. तक्रार रास्त आहे. पण बेडफर्ड दाखवा असें म्हणण्याची पाळी कोणावर आली नाहीं.

केव्हरचा घात मात्र बेडफर्ड करीत नाहीं. चंद्राच्या अधिपतीपुढें तो मोकळ्या मनानें पृथ्वीवरील युद्धांचें वर्णन करतो, आणि त्या द्रव्याची कृति आपल्या एकट्यासच ठाऊक आहे हेंही कळूं देतो. त्यानंतर संदेश तुटक होतात; शेवटचा संदेश ती कृति सांगूं लागतो, आणि तेथेंच तुटतो. शास्त्रज्ञानें सत्तेशीं विश्वासानें बोलावें व मग तें बोलणें परत घेतां येऊं नये, ही गोष्ट कल्पित राहिली नाहीं. लिओ सिलार्ड यानें वेल्सचीच ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही १९१४ ची, अणुबाँबचें भाकीत करणारी कादंबरी १९३२ सालीं वाचली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें त्यास अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचें पेटंट गुप्त राहावें म्हणून त्यानें तें ब्रिटिश नौदलखात्याच्या हवालीं केलें, आणि १९३९ त आइन्स्टाइनच्या सहीचें पत्र अमेरिकेच्या अध्यक्षांस धाडविण्यांतही तो पुढें होता. हिटलरच्या हातीं तें अस्त्र आधीं पडूं नये हा त्याचा हेतु. हिटलर १९४५ च्या एप्रिलांत मेला. जुलैंत सिलार्डनें सुमारें सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज करून, जपानवर त्या अस्त्राचा उपयोग करण्याची घाई करूं नये अशी विनंति केली. तो अर्ज अध्यक्षांपर्यंत पोंचला नाहीं. अस्त्र तयार झालें होतें, आणि सिलार्डची गरज संपली होती.

शब्द मोडणाराच्या बाजूनें आपणांस उभें करण्याचा चमत्कार वेल्सनें एकदां केला आहे, तो ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) मध्यें. अदृश्य झालेला ग्रिफिन जुन्या ओळखीच्या डॉक्टर केंपकडे आसरा घेतो. तुला पकडून देणार नाहीं असा केंप शब्द देतो, आणि वर्तमानपत्रें वाचून सकाळीं पोलीस अधिकाऱ्यास चिठ्ठी पाठवितो. इकडे ग्रिफिन त्याला आपला भागीदार समजून गांवावर दहशत बसविण्याचा सारा बेत उलगडून सांगत असतो. ज्यानें स्वतःच्या बापास लुबाडलें, व तो पैसा बापाचाही नसल्यामुळें त्या म्हाताऱ्यानें आत्महत्या केली, त्याला दिलेला शब्द पाळावा काय? वर्गांत दरवर्षीं एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो. केंपनें केलें तें योग्यच केलें, असें आम्ही उत्तर देतों, आणि त्यांत बदल करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तरीही खालीं पावलें वाजतात, सर्व ध्यानांत येऊन ग्रिफिन त्याला घातकी म्हणून ओरडतो, तो शब्द वाचतांना वर्गांत क्षणभर कोणी हालत नाहीं.

ग्रिफिनचा आणखी एक भागीदार होता, मार्व्हेल नांवाचा भटक्या. धाकदपटशानें त्याला वह्या वाहावयास लावलें होतें. तो त्या वह्या व चोरीचे पैसे घेऊनच पळाला. ग्रिफिन लोकांच्या मारानें मेल्यावर मार्व्हेल पोर्ट स्टोजवळ एक मद्यगृह काढून प्रतिष्ठित गृहस्थ बनतो. वह्या कोठें आहेत म्हणून केंपनें त्याला नानापरींनीं खोदून पाहिलेलें असतें. तो काहींच ठाऊक नसल्याचें सांगतो. रविवारीं सकाळीं, आणि रोज रात्रीं दहा वाजून गेल्यावर, तो आंतल्या खोलीचें दार लावतो, पडदे तपासतो, टेबलाखालींसुद्धां वांकून पाहतो, आणि मग कपाटांतून तपकिरी चामड्याच्या त्या तीन वह्या काढतो. कांहीं पानें पाण्यानें धुवून गेलेलीं आहेत, बाकीचीं सांकेतिक लिपींत आहेत. मार्व्हेलला त्यांतलें अक्षरही समजत नाहीं. तो पान उलटतो, ओठ हालवीत पुनः पहिल्या ओळीपासून लावूं लागतो.