दोऱ्याची परीक्षा

सायकल घ्यायची म्हटलं की आपण आधी काय बघतो? रंग! मीही तेच बघितलं होतं.

साताऱ्यात मी आठवीत होतो. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून मला जुनी सायकल घेऊन द्यायचं ठरवलं. दुकानात दोन सायकली होत्या. एक काळी, खरचटलेली. दुसरी निळी, चकाचक! मी निळीसाठी हटून बसलो. महिन्याभरातच बोगद्याकडच्या उतारावर तिची पुढची नळी तुटली. नव्या रंगाखाली जुना जोड लपवलेला होता. माझा पुढचा दात अर्धा गेला आणि बाबांचे पैसे पूर्ण. बाबा रागावले नाहीत. त्या पैशांतून त्यांना स्वतःसाठी बूट घ्यायचे होते, हे आईने मला खूप नंतर सांगितलं.

नंतर आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी मला दोऱ्याची परीक्षा शिकवली. ती उपयोगी पडली थेट अमेरिकेत!

आता आम्ही शिकागोजवळ राहतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला जुनी फ्रेम घेऊन स्वतःची ‘क्रूझर’ बांधायची होती. क्रूझर म्हणजे जाड टायरची, रुंद हँडलची, ऐटीत चालणारी सायकल. उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो. १९३३ साली, मंदीच्या काळात, शिकागोच्याच श्विन कंपनीने २.१२५ इंच रुंदीचे फुगीर टायर सायकलींना बसवले आणि मुलांना त्या फार आवडल्या. या फ्रेम इतक्या दणकट, की १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण मुलं त्या घेऊन डोंगरावरून भरधाव खाली येत. त्यातूनच पुढे माउंटन बाइक जन्माला आली.

बर्फ उपसून साठवलेले ऐंशी डॉलर खिशात घालून मुलगा जुन्या बाजारात आला. तिथे दोन फ्रेम होत्या. लाल, चमकणारी, आणि हिरवी, गंजाचे ठिपके पडलेली.

“बाबा, लालच!” तो म्हणाला.

माझी जीभ अर्ध्या दातावर गेली. पैसे त्याचे होते, म्हणून मी ‘नको’ म्हटलं नाही. फक्त खिशातून दोरा काढून त्याच्या हातात दिला.

मागचं चाक ज्या दोन खाचांत बसतं, त्यातल्या एका खाचेला दोरा बांधायचा. तो पुढे नेऊन हँडलखालच्या आखूड नळीला वळसा घालायचा आणि परत आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधायचा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. सारखं आलं, तर फ्रेम सरळ.

लाल फ्रेमचं अंतर एकीकडे ३३ मिलिमीटर आलं, दुसरीकडे २७. त्याने पुन्हा मोजलं. तेच! मग खालच्या तिरक्या नळीवरून बोट फिरवलं, तर हँडलजवळ रंगाखाली बारीक सुरकुती लागली. म्हणजे कधीतरी समोरून जोरदार धडक बसलेली. तिथल्या पोलादाचा दम गेलेला असतो.

हिरवीचं अंतर दोन्हीकडे ३० भरलं. गंज नखाने खरवडला, तर खाली धातू घट्ट होता. जोडांजवळ तडा नव्हता.

तो बराच वेळ गप्प उभा राहिला. लाल फ्रेमवरून त्याची नजर हटत नव्हती. शेवटी म्हणाला, “रंग काय, आपण नंतर देऊ. वाकडेपणा कसा काढणार?”

मला बाबांची फार आठवण झाली.

चाकं, चेन, सीट सगळं बदलता येतं, दोस्तांनो. पण सायकलचा कणा म्हणजे फ्रेम. या रविवारी आईकडून हातभर नव्हे, चांगला तीन-चार मीटर दोरा मागून घ्या आणि आपल्या सायकलची परीक्षा घेऊन बघा!