विकणाऱ्याला बहिणी किती?

संपादकांनी लेख मागताना एक अट घातली. घर घेणाऱ्याने सर्वांत आधी काय पाहावं ते सांगा, पण कायद्याची कलमं नकोत. अट मी मान्य केली, पण ती शेवटपर्यंत पाळणं अवघड आहे. जमिनीचे जुने कागद तपासून मालकी निर्वेध आहे की नाही याचा अहवाल देणं हे माझं काम. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली तलाठी कार्यालयं, भूमी अभिलेखाच्या कचेऱ्या आणि दुय्यम निबंधकांची दप्तरं यांतच माझी वकिली गेली. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. घर पाहण्याआधी विकणाऱ्याचं कुटुंब पाहा. जमिनीचा मूळ मालक वारला तेव्हा त्याच्यामागे कोण कोण होतं, आणि त्या प्रत्येकाचा हक्क कोणत्या कागदाने संपला, एवढं विचारा. बाकीचे प्रश्न नंतरचे.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी दाराची दिशा, मग पाणी, मग शाळा-कॉलेज किती लांब, मग फरशी आणि ओटा. कागद सर्वांत शेवटी, तेही इसार देऊन झाल्यावर. या काळज्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. जळगावचं पाणी वाघूर धरणातून येतं आणि नव्या वस्तीपर्यंत त्याची जलवाहिनी पोचली आहे का, हे पाहायलाच हवं. धुळ्यात तापीची योजना आणि नकाणे तलाव असूनही लोकांनी वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड पाणी भरलेलं आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल, तर भिंतींना तडे जातात. मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. हे सगळं खरं आहे. पण बोअर घेता येते, टाकी बांधता येते, पाया पक्का करून घेता येतो, भिंतीला सावली करता येते. पैशाने सुटणारे हे प्रश्न. मालकीतला दोष मात्र नुसत्या पैशाने सुटत नाही. तो सोडवायला एका तिऱ्हाईत माणसाची संमती लागते, आणि ती देणं न देणं सर्वस्वी त्याच्या हाती असतं.

हे लिहायचं ठरलं तेव्हा एक प्रकरण डोक्यात घोळत होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. चोपड्याकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी जळगावच्या हद्दीजवळ एक रो-हाउस घेतलं. सरांनी काहीही घाईने केलं नव्हतं. सातबारा पाहिला, बिनशेतीचा आदेश पाहिला, मंजूर लेआउट पाहिला, महारेरा नोंदणी पाहिली. राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिलं. खरेदीखत रीतसर नोंदवलं. वर्ष उलटलं आणि न्यायालयाचं समन्स आलं. जमीन विकणाऱ्या दोघा भावांविरुद्ध त्यांच्या दोन बहिणींनी वाटपाचा दावा लावला होता, आणि त्यात सगळे रो-हाउसवालेही प्रतिवादी होते.

फेरफार काढून पाहिले तर गोष्ट सरळ होती. शेत वडिलांनी स्वतः घेतलेलं. ते नव्वदच्या दशकात वारले. वारस नोंदीत आई आणि दोघं भाऊ लागले. बहिणींचा उल्लेखच नाही. एक सुरतेला दिलेली, दुसरी यावल तालुक्यात. पुढे आई वारली, तिचं नाव कमी झालं, आणि सातबारावर दोनच नावं उरली. सरांनी पाहिला तो हा सातबारा.

इथे मला कलमांत शिरावंच लागेल, कारण याच मुद्द्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहे. मुलींना हक्क २००५ साली मिळाला आणि त्याआधी बाप वारला असेल तर काही प्रश्न नाही, असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. ते चूक आहे. बापाची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार आई, विधवा, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस म्हणून सारखा वाटा घेतात. म्हणजे हा हक्क १९५६ पासूनचा आहे. वर सांगितलेल्या कुटुंबात आई, दोन मुलगे, दोन मुली असे पाच समान हिस्से झाले. आई वारल्यावर तिचा पाचवा हिस्सा चौघांत वाटला गेला. म्हणजे सातबारावर ज्यांचं नावही नाही, त्या दोघी बहिणी मिळून निम्म्या जमिनीच्या मालक होत्या.

वडिलोपार्जित मिळकतीचा प्रश्न वेगळा. तिथे मुलीला जन्माने हक्क देण्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. २२ जून १९९४ पासून आपल्याकडे मुलगी सहदायाद झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ही अट गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत कागदाने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपं आणि त्याआधी झालेल्या विक्री तेवढ्या सुरक्षित राहिल्या. मग २००५ ला बाप जिवंत असायला हवा की नको, यावर वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात मिटवला. बाप हयात असण्याची गरज नाही. या तारखा खरेदीदाराने पाठ कराव्यात असं मी म्हणत नाही. पण तपासणाऱ्या वकिलाने त्या प्रत्येक फेरफारावर लावून पाहिल्या आहेत का, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. मुस्लिम कुटुंबात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेलाच. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना हा वारसा कायदा लागू नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात मूळ मालक आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ चं बंधन आधी पाहावं लागतं.

दुसरा गैरसमज सातबाराचा. सातबारा म्हणजे मालकी, ही समजूत आपल्या भागात इतकी खोल आहे की तिच्याशी झगडून मी थकले आहे. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. तिचा आधार एवढाच. नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि नोंद नाही म्हणून हक्क बुडत नाही. वारस नोंद होते ती घरच्यांनी दिलेल्या अर्जावर आणि प्रतिज्ञापत्रावर. घरच्यांनी बहिणीचं नाव सांगितलं नाही, तर तलाठ्याला ते स्वप्नात दिसत नाही. म्हणून नुसता आजचा उतारा न पाहता तो जिथून सुरू झाला तिथपासूनचे सगळे फेरफार वाचायचे असतात. जुन्या कागदांवर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असं लिहिलेलं सापडतं. १९०६ पर्यंत तर खानदेश हा एकच जिल्हा होता आणि कचेरी धुळ्याला होती. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. एखाद्या मिळकतीचा माग काढताना यातलं कुठलं दप्तर कुठे गेलं, हे माहीत असावं लागतं. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, आणि ते आपल्याकडे आहे याचा मला अभिमान आहे.

तिसरा गैरसमज बँकेचा. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद निर्दोष, असं मानून लोक निर्धास्त होतात. बँक आपल्या कर्जापुरती तपासणी करते. मालकी बुडाली तरी हप्ता तुमच्या पगारातून जातच राहतो. महारेराची नोंदणीही अशीच. २०१७ पासून तिने बिल्डरांना बरीच शिस्त लावली, पण नोंदणी क्रमांक म्हणजे शासनाने दिलेली मालकीची हमी नव्हे. आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस? पंधरा दिवसांत हरकत आली नाही म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. सुरतेला नांदणारी बाई जळगावचं दैनिक कधी वाचणार?

जमीन कोणाची, हा प्रश्न मोठमोठ्या संस्थांनाही टळत नाही. जळगाव नगरपालिकेची नव्वदच्या दशकातली घरकुल योजना आठवावी. अकरा हजारांहून अधिक घरं बांधायची होती, पूर्ण झाली ती जेमतेम दीड हजार. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या खटल्यातल्या पैशाच्या आकड्यांवर खूप लिहिलं गेलं. पण काम सुरू झालं त्या जागा पालिकेच्या मालकीच्या आणि बिनशेती झालेल्या होत्या का, हा आक्षेपही त्यात होता. त्यावर फारसं कुणी बोललं नाही. मला मात्र तोच पायाचा प्रश्न वाटतो.

आता सरांचं काय होणार? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे सहहिस्सेदाराने विकलं, तर घेणाऱ्याला त्याचाच हिस्सा मिळतो. वाटप करताना विकलेली जागा शक्यतो विकणाऱ्याच्या वाट्यात टाकावी, असं न्यायालयं समन्यायाने पाहतात. त्यामुळे भावांची आणखी जमीन शिल्लक असेल तर सरांचं घर वाचू शकतं. पण दावा, अपील, दुसरं अपील, त्यासाठी औरंगाबाद खंडपीठ… सरांचं वय पाहता मला हे त्यांना सांगताना जड गेलं. त्यांच्या पत्नी बहिणींवर संतापल्या होत्या. इतकी वर्षं गप्प बसल्या आणि आम्ही घर घेतल्यावर जाग्या झाल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा संताप मला कळतो. तरीही मी बहिणींना दोष देऊ शकत नाही. आपल्याकडे मुलगी आखाजीला माहेरी येते, झोका बांधला जातो, तिचे लाड होतात. त्या माहेराची वाट बंद होऊ नये म्हणून ती हिश्श्याबद्दल बोलत नाही. तिच्या न बोलण्याला भाऊ संमती समजतात. कायदा तसं समजत नाही. सहमालक नुसता गप्प राहिला म्हणून त्याचा हक्क जात नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हणून खरेदीदाराने काय करावं ते सांगते. मूळ मालकापासूनची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मागा. ती गावात, शेजारात, नातलगांत विचारून पडताळा. फेरफार, सूची क्रमांक २ आणि शहर हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक, हे तिन्ही त्या वंशावळीशी ताडून पाहा. धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांमध्ये तीन-तीन पिढ्यांची नावं पत्रकावर तशीच असतात. तिथे दुप्पट काळजी घ्या. दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे का ते पाहा. भोगवटादार वर्ग २ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, पैसे नंतर. लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर प्लॉट पाडलेला नाही ना, हे मंजूर नकाशावरून मोजून घ्या. गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले तुकडे असतील, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि त्यातल्या अलीकडच्या सवलती वकिलाकडून तपासा. नोटरी केलेल्या करारावर एक रुपयाही देऊ नका.

एका बाबतीत माझं मत माझ्या व्यवसायातल्या अनेकांपेक्षा वेगळं आहे. बहीण निघाली की बहुतेक वकील सांगतात, हक्कसोडपत्र करून घ्या. मुद्रांक शुल्क नाममात्र, काम एका दिवसाचं. कायद्याने ते पुरतं, नोंदणीकृत असलं म्हणजे झालं. पण फसवून, दबावाने किंवा मोबदला न देता घेतलेल्या सहीविरुद्ध पुढे दावे होतात हे मी पाहिलं आहे. आणि दावा झाला नाही तरी ते न्याय्य नसतं. मी माझ्या खरेदीदारांना सांगते, बहिणीला विकणाऱ्यांपैकी एक म्हणून खरेदीखतात घ्या. तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ द्या आणि धनादेशाचा क्रमांक खतात लिहा. भाऊ कुरकुरतात, सौदा चार आठवडे लांबतो, कधी मोडतोही. मोडला तर मोडू द्या. जो भाऊ बहिणीला तिचा वाटा द्यायला तयार नाही, त्याच्याकडून तुम्ही आयुष्यभराची कमाई ओतून जे घेणार आहात, ते पूर्ण त्याचं नाहीच. दुसरं घर शोधा. जळगावात आणि धुळ्यात घरं पुष्कळ आहेत.