उजव्या हाताची खुर्ची

लासलगावला चाललो आहे असे म्हटले की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारीत नाही. “कांदा ना?” एवढेच म्हणतो. पंढरपूरला निघालेल्या माणसाला जसे कोणी “तिकडे काय काम काढलंत?” असे विचारीत नाही, तसेच हे. मलाही फलाटावर एक शेजारी भेटले. त्यांनी “कांदा ना?” म्हटले आणि मी मान डोलावली. खरे कारण सांगायला गाडी सुटण्यापूर्वी वेळ नव्हता. आणि असता तरी सांगितले असते असे नाही.

मी तीस वर्षे विमाने चालवली. त्यांतली पहिली नऊ वर्षे उजव्या हाताच्या खुर्चीत बसून. वाचकांपैकी बहुतेकांनी विमानाचा प्रवास केला असेल, पण ते पुढचे दार उघडून आत कोण कुठे बसते हे पाहण्याचा योग थोड्यांनाच येतो. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजवीत को-पायलट. दोघांपुढे घड्याळे सारखीच, दोघांच्या हाती सुकाणूही तसेच. दोघांनी एकच जेवण जेवू नये असा रिवाज आहे, म्हणजे एकाचे पोट बिघडले तरी दुसरा शाबूत राहावा. पोटाची काळजी अशी फार पूर्वीपासून घेतली गेली. जिभेची काळजी मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाली, आणि मी लासलगावला निघालो होतो तो त्या जिभेपायीच.

पंचवटी एक्स्प्रेस कसाऱ्याला थांबली की मी लहानपणापासूनच्या सवयीने खाली उतरतो. पुढचा घाट सदतीस फुटांना एक फूट असा चढतो. एवढी चढण एकट्या इंजिनाच्या आवाक्यातली नाही, म्हणून मागून ढकलायला बँकर लावतात. पुढचा ड्रायव्हर मागच्याला दिसत नाही, मागचा पुढच्याला दिसत नाही. मध्ये साऱ्या गाडीचे डबे आणि काळोखे बोगदे. तरी दोघांनी जोर एकाच वेळी लावायचा आणि एकाच वेळी सोडायचा. शिट्ट्यांची भाषा ठरलेली असते. एकाने दिली की दुसऱ्याने तीच परत द्यायची, म्हणजे ऐकली हे कळते. “ऐकले” म्हणून नुसते गप्प बसणे चालत नाही. फलाटावर वडापाव खाता खाता मी ती शिट्टी आणि तिचा जबाब ऐकला, आणि लासलगावी पोचल्यावर काय बोलायचे त्याची मनाशी पुन्हा एकदा जुळवाजुळव केली. इगतपुरीला बँकर सुटले, माझी जुळवाजुळवही तिथेच सुटली.

लासलगावला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. कॅप्टनसाहेबांचा पुतण्या जीप घेऊन आला होता. त्याने सांगण्याआधीच नाकाने सांगितले की आपण योग्य गावी आलो आहोत. हा वास काही वाईट नव्हे. नव्या माणसाला तासभर जाणवतो, मग तो गावाचा होऊन जातो. विंचूरच्या वाटेवर साहेबांची वस्ती आहे. घरापुढे लांबलचक कांदाचाळ, चाळीतला उन्हाळ कांदा निम्मा विकलेला, निम्मा भावाची वाट बघत पडलेला. साहेबांचे वय आता ब्याऐंशी. हवाई दलातून ते आमच्या कंपनीत आले आणि निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित शेतीवर परतले. मला पाहताच म्हणाले, “काय को-पायलट, गाडी वेळेवर?” मी पुढे स्वतः कॅप्टन झालो, पोरांना शिकवू लागलो, माझेही केस पिकले, पण या एका उंबऱ्यात मी अजून को-पायलटच आहे. वहिनींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला, आणि फोडलेला कांदा. तो न मागता येतो.

सकाळी त्यांनी मला लिलाव दाखवायला नेले. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, आणि कांद्याच्या बाजारात तिचे नाव देशात पहिल्याने घेतात. मी इमारतींचे वर्णन करीत बसत नाही. जवळच भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेले ‘कृषक’ केंद्र आहे. तिथे गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब थांबवतात, आणि २००७ साली अमेरिकेला गेलेले आपले आंबेही इथूनच किरण घेऊन गेले. पण खरी पाहण्याची गोष्ट म्हणजे लिलाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगेने उभ्या. समितीचा लिलाव पुकारणारा माणूस, त्याच्या पाठोपाठ चिठ्ठी लिहिणारा पोरगा, आणि भोवती व्यापाऱ्यांचा घोळका. हा सारा लवाजमा एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. शेतकरी ट्रॉलीत उभा राहून खालचा कांदा वर काढून दाखवतो, कारण वरचा कांदा नेहमीच देखणा असतो हे व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कोणी कांदा दाबतो, कोणी पापुद्रा सोलतो. बोली चढते, थबकते, तुटते. मिनिटाच्या आत एका घराच्या चार महिन्यांच्या कष्टांचा निकाल लागतो. मग गाडी काट्यावर, काट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे माल ओतल्यावर आतून गोल्टी किंवा खाद निघाली तर ‘वांधा’ होतो आणि भाव पुन्हा घासला जातो.

दिवस भाद्रपदातले. दहाच्या सुमाराला चांदवडच्या बाजूने आभाळ भरून आले. उघड्या ट्रॉल्या, भिजलेला कांदा दोन दिवसांत सडणार, आणि रांगेत अजून शेकड्याने गाड्या. मला वाटले, आता पळापळ होणार. पण मी पाहिले ते वेगळेच होते. पुकारणाऱ्या अण्णांनी आपला वेग रेसभर वाढवला नाही. कमी झाले ते बाकीचे सारे. मघापासून चाललेली थट्टा बंद, तंबाखूची देवघेव बंद, ओळखीपाळखी बंद. मागच्या गाड्यांवर ताडपत्र्या कोणी टाकायच्या हे कुणी न सांगता हमालांनी उचलले. अण्णांनी तिकडे मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. विमान दहा हजार फुटांच्या खाली आले की खोलीत कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही, असा नियम अमेरिकेत १९८१ साली झाला आणि मग सगळीकडे गेला. इथे तो कोणी कागदावर लिहिला होता?

तेवढ्यात अण्णांनी एका गाडीचा भाव पुकारला, “तेवीसशे!” आणि पुढे पाऊल टाकले. चिठ्ठी लिहिणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. तो जागचा हलला नाही. म्हणाला, “अण्णा, शेठ बावीसशे ऐंशी म्हणले. तेवीसशे मागल्या गाडीचं.”

अण्णा थांबले. साठीचा माणूस, चारचौघांत, पाऊस डोक्यावर. त्यांनी शेठकडे पाहिले, शेठने मान हलवली. “बावीसशे ऐंशी,” अण्णांनी पुन्हा पुकारले. पोराने तेच मोठ्याने म्हणून दाखवले, लिहिले आणि लवाजमा पुढे सरकला. ट्रॉलीतल्या शेतकऱ्याचे तोंड वीस रुपयांनी उतरले, एवढेच.

मी साहेबांकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते. “चल, चहा घेऊ,” ते म्हणाले.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे. १९८७ चा जुलै. किनाऱ्याजवळच्या एका विमानतळावर आम्ही उतरत होतो. साहेब डावीकडे, मी उजवीकडे. माझे वय सव्वीस. पाऊस असा की काचेवरचे वायपर असून नसल्यासारखे. ढगांतून बाहेर पडलो तेव्हा विमान हवे त्याहून उंच होते आणि वेग वीस नॉटांनी जास्त. अशा वेळी उतरायचे नसते. इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचे असते. सांगायला दोनच शब्द लागतात. ते माझ्या तोंडात आले, हातही थ्रॉटलच्या दिशेने उठला. मी बोललो नाही. चाके टेकली तेव्हा जवळपास अर्धी धावपट्टी मागे पडली होती. ओल्या डांबरावर ब्रेक लागतात की नाही ते कळेना. विमान थांबले तेव्हा शेवटचे तांबडे दिवे नाकाच्या अगदी पुढ्यात होते, आणि दिव्यांपलीकडे खड्डा. प्रवाशांना काही समजले नाही. एक म्हातारी उतरताना आम्हा दोघांना हात जोडून “सुखरूप आणलंत बाबांनो” म्हणाली. आम्ही त्याविषयी एकमेकांशी त्या दिवशी बोललो नाही, आणि नंतरही कधी बोललो नाही.

पुढे या विषयाचे शास्त्र झाले, आणि नवल म्हणजे मी त्याचा मास्तर झालो. वर्गात मी १९७७ सालचे टेनेरीफ सांगे: धुक्यात एका जंबो विमानाने परवानगीवाचून धाव घेतली, समोरचे विमान धावपट्टीवरून हटले का अशी शंका इंजिनियरने बोलूनही दाखवली, कॅप्टनने ती उडवून लावली, आणि ५८३ माणसे गेली. १९७८ सालचे पोर्टलंड सांगे: चाकांच्या बिघाडात कॅप्टन इतका गुंतला की टाक्या कोरड्या पडल्या, बरोबरच्यांना इंधनाचे भान होते, पण ते दबक्या आवाजात बोलले. त्या साऱ्यातून धडा घेऊन १९७९ साली नासाने एक परिषद भरवली आणि या शिक्षणाची सुरुवात झाली. मग त्याचे फळ म्हणून १९८९ चे सू सिटी: विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, सुकाणू मेले. कॅप्टन हेन्स यांनी कामे वाटून दिली, प्रवाशांत बसलेल्या एका शिक्षक वैमानिकाला आत बोलावून त्याच्या हाती थ्रॉटल दिले, आणि २९६ पैकी १८४ जण वाचले. आणि घरचे उदाहरण मंगळुरूचे, २२ मे २०१०. तिथे को-पायलट बोलला होता, पुन्हा पुन्हा बोलला होता, पुन्हा वर चला म्हणाला होता. १५८ माणसे गेली. तेव्हा बोलणे ही अर्धीच गोष्ट झाली.

ही सगळी उदाहरणे मी पंधरा वर्षे सांगितली, आणि ती सगळी दुसऱ्यांची होती. परवा नव्या मुलांपुढे बोलण्याचे बोलावणे आले, तेव्हा वाटले की आता आपली सांगावी. पण ती निम्मी साहेबांची होती. त्यांना विचारल्यावाचून सांगणे बरे नव्हे.

चहाच्या टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला होता. मी सुरुवात केली, “साहेब, सत्त्याऐंशी सालचं ते लँडिंग...”

“तुझा हात उठलेला मी पाहिला होता,” साहेब म्हणाले. “उठला आणि परत मांडीवर गेला.”

मला काही सुचेना. छत्तीस-सदतीस वर्षे मी समजत होतो की हे गुपित माझे एकट्याचे आहे.

“मग तुम्ही वर का नाही गेलात?”

“तू बोलला असतास तर गेलो असतो, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगू? त्याआधी महिनाभर मी एका पोराला झापलं होतं. असाच बोलला होता तो, आणि बरोबर बोलला होता. सगळ्यांदेखत झापलं. ते तुझ्या कानावर आलं होतं ना?”

“आलं होतं, साहेब.”

“मग! तुझं तोंड मी महिन्याआधीच बंद करून ठेवलं होतं. त्या दिवशी ते उघडेल कसं?” त्यांनी बशीत ओतलेला चहा संपवला. “हवाई दलात आम्हाला एकट्यानं उडायची सवय. शेजारी माणूस बसलाय तो वजन म्हणून, असं वाटायचं. जे. आर. डी. टाटा बत्तीस साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले ते एकटेच. आमच्या मनात वैमानिकाचं तेच चित्र.”

“पण साहेब, मी बोलायला हवं होतं.”

“हवंच होतं. तेवढं तुझ्याकडे ठेव. उरलेलं माझ्याकडे.”

मग मी विचारले, ही गोष्ट मुलांना सांगू का, कुठे लिहू का. ते बराच वेळ समोरच्या ताडपत्र्यांकडे पाहत राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हाही म्हणे ते असेच या टपरीवर बसून राहिले होते. पुतण्याने नंतर सांगितले. शेवटी म्हणाले, “सांग. माझं नाव घालू नकोस. वहिनींना ते लँडिंग माहीत नाही. गावाचं नाव खुशाल घाल, गाव काही रागावत नाही.” म्हणून या लेखात त्यांचे नाव नाही.

पाऊस ओसरला. साहेबांनी जीपची किल्ली स्वतःच घेतली. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी पुतण्याकडे पाहिले. ब्याऐंशीव्या वर्षी या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या गर्दीत त्यांनी गाडी चालवावी असे आम्हा दोघांनाही वाटत नव्हते, आणि दोघेही निमूटपणे बसलो. मी डावीकडे, पुढे. इथे खुर्च्या उलट असतात हे तेव्हा लक्षात आले. काट्यावरून एक भरलेली ट्रॉली माझ्या बाजूने रस्त्यावर येत होती.

“साहेब, डावीकडून ट्रॉली!”

“दिसलीये मला!” साहेब खेकसले, अगदी १९८७ च्या आवाजात, आणि त्यांनी ब्रेक दाबला. ट्रॉली पुढून डुलत निघून गेली. दोन कांदे रस्त्यावर घरंगळले.

विंचूरच्या फाट्याशी गाडी पुन्हा हळू झाली. साहेबांनी मान वळवली नाही.

“को-पायलट, तुझ्या बाजूला बघ. मोकळं आहे का?”

मी वाकून दोन्हीकडे नीट पाहिले. “मोकळं आहे, साहेब.”

“मोकळं आहे,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी गिअर टाकला.