अक्कांची लिंबं

डाव्या कानाला फोन लावला की पलीकडे कुणी बोलतंय एवढं कळायचं, काय बोलतंय ते नाही. त्यात दिवसरात्र बारीक शिट्टी. ऑडिओग्राममध्ये दोन कानांत मोठी तफावत निघाली, म्हणून एमआरआय झाला आणि ‘वेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव घरात आलं. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातली गाठ. कॅन्सर नव्हे, अंगात पसरतही नाही. पण जागा वाईट. ऐकण्याची आणि चेहऱ्याची नस तिला खेटूनच जाते.

मुंबईत गॅमा नाइफ करून घेतलं. नावात सुरी असली तरी कापाकापी नाही. ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननी 1951 मध्ये मांडली. किरण चहूबाजूंनी सोडायचे, एकेकटा फारसा बाधत नाही, सगळे मिळतात तिथेच मारा. डोक्याला भूल देऊन चार स्क्रूंनी चौकट बसवतात, ते तेवढं नकोसं. बाकी दुसऱ्या दिवशी मी घरी.

भेटायला येणारे म्हणायचे, ‘‘टाके नाहीत ना? मग सुटलीस!’’ जखम दिसत नाही त्या दुखण्याला आपल्याकडे रजा मिळत नाही. मला तर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागे. दिवे गेले की पाय कुठे पडतोय ते समजेना. कुकर होईपर्यंत ओट्याशी उभं राहवत नव्हतं.

अशात वाईहून अक्का आल्या, माझ्या थोरल्या नणंद. आमचं फार सख्य होतं असं नाही. जमिनीच्या वाटणीनंतर येणं-जाणं सणावारापुरतंच उरलं होतं. त्या आल्या, पिशवीतलं ज्वारीचं पीठ डब्यात ओतलं आणि विचारलं, ‘‘व्यायामाचा कागद कुठाय?’’

ते व्यायाम 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी बसवलेले. त्यात मुद्दाम भोवंड आणायची असते. एका बाजूची नस दगा देते, तेव्हा डोळे, तळपाय आणि दुसरा कान यांच्यावर काम भागवायला मेंदू हळूहळू शिकतो. एक व्यायाम चेंडूचा, नजरेच्या वर उडवून या हातातून त्या हातात झेलायचा. घरात चेंडू कुठला? अक्कांनी टोपलीतलं लिंबू दिलं. सुटलं की मीच वाकून उचलायचं, वाकणंही व्यायामातच होतं. अक्का पदर खोचून हाताच्या अंतरावर उभ्या. धरायच्या नाहीत, हलायच्याही नाहीत. ‘‘अक्का, मळमळतंय हो.’’ ‘‘मळमळू दे. अजून पाच.’’ ठेचकाळलेल्या लिंबांचं संध्याकाळी सरबत व्हायचं.

फिरायला निघालो की त्या न सांगता माझ्या उजवीकडे यायच्या. भाचरंसुद्धा उजवीकडूनच हाक मारायला शिकली.

सहा महिन्यांनी एमआरआय केला, तर गाठ किंचित मोठी दिसली. ह्यांचा चेहरा पडला. अक्कांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून उलटं केलं. त्या आल्यानंतर दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर जे बोलले, ते त्यांनी तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : ‘पहिल्या वर्षी गाठ फुगू शकते. घाबरू नये.’ डॉक्टर बोलत होते तेव्हा आम्हीही तिथेच होतो, पण ऐकलं एकट्या अक्कांनी. पुढच्या तपासणीत सूज ओसरली होती.

गाठ अजून आहे. किरणांनी ती काढून टाकली जात नाही, फक्त वाढायची थांबते, म्हणून दर वर्षी एमआरआय करायचा. डाव्या कानाचं गेलेलं ऐकणं काही परत आलं नाही. जिना मात्र कठडा न धरता उतरते, आणि वाटणीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

अक्का हल्ली वाईत भेटेल त्याला बजावतात, आणि त्यांच्या वतीने मीही सांगते : एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, त्यात शिट्टी वाजत असेल, तर मळ असेल म्हणून बसून राहू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना लिहून घेणारं माणूस बरोबर न्या.