खिशातला पेंग्विन

"लिनक्स? छे! ते रात्रभर जागणाऱ्या इंजिनीअर लोकांचं काम," असं मी मित्राला झोकात ऐकवलं. हातात अर्थातच अँड्रॉइड फोन. तो जाम हसला. "अगं, तुझ्या फोनचा गाभाच लिनक्स आहे!"

सॉलिड पोपट झाला. १९९१ साली हेलसिंकीत २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हौसेखातर सुरू केलेला हा प्रकार आज जगभरच्या सर्व्हरवर धावतो. २०१७ पासून तर जगातले पहिले ५०० सुपरकम्प्युटरही त्याच्यावरच. कोड सगळ्यांसाठी खुला, हा त्याचा फंडा.

विषय निघाला होता माझ्या फोनवरून. कंपनीने त्याचे अपडेट्स बंद केलेले. फोन ठणठणीत, पण म्हणे नवा घ्या! फ्रीलान्सरचं मानधन कधी येतं ते देवालाच ठाऊक. शेवटी मित्राने त्याच खुल्या कोडवर स्वयंसेवकांनी बांधलेली लिनिएजओएस टाकली. त्यासाठी आधी बूटलोडर अनलॉक करायचा, आणि त्यात फोन पार कोरा होतो. बॅकअप घेतला होता, तरी आईचे फोटो आठवून पोटात गोळा आलाच.

फोन सुरू झाला. सिक्युरिटी पॅच एकदम ताजा! आणि बँकेचं अ‍ॅप म्हणालं, हे डिव्हाइस सुरक्षित नाही. भोकं न बुजवलेला जुना फोन त्याला वर्षभर चालला. आता चालेना, कारण बूटलोडरचं कुलूप उघडं. कुलूप कंपनीचं, फोन माझ्या पैशांचा. मला हे अजून पटलेलं नाही.

सध्या पैसे पाठवायला लॅपटॉप उघडते. त्यावर विंडोज आहे. मित्राला सांगू नका.