महाराजांची डायरी आणि सुईणीची

कोल्हापूर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

मार्था बॅलार्डवरचं पुस्तक पोचलं, वाचूनही झालं. मेनमधल्या हॅलोवेलची ही सुईण १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजच्या रोज चार ओळी लिहीत राहिली. हवा कशी होती, कुणाकडे बाळंतपण झालं, पैसे हाती पडले की राहिले, केनेबेक नदी ओलांडता आली का. नोंदलेली बाळंतपणं ८१६! असल्या किरकोळ मजकुरात काय बघायचं, असं अभ्यासकांना वाटायचं. लॉरेल थॅचर अल्रिकबाईंनी त्यातूनच अख्खं गाव उभं केलं आणि १९९१ चं पुलित्झर मिळवलं.

रोजनिशी आपल्याकडेही होती, पण सरकारी. पेशव्यांच्या रोजनिश्यांत इनामं आहेत, नेमणुका आहेत, निवाडे आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाच्या घरात काय शिजलं, याचा पत्ता नाही.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले, ते मात्र स्वतःची डायरी लिहीत. तीही इंग्रजीत. वय जेमतेम विशीचं. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, इंग्लंड पाहून झालं, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये ते वारले. तिथल्या अधिकाऱ्यांकडून खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं. तिथल्या छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. आपला न्यू पॅलेसही त्याचाच.

डायरी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. संपादक कॅप्टन एडवर्ड वेस्ट, म्हणजे प्रवासात महाराजांसोबत असलेला सरकारी साहेबच. खरी मेख इथे आहे. यजमानांविषयी तरुण राजाने काही वाकडं लिहिलं असतं, तरी ते वेस्टच्या हातून छापखान्यापर्यंत पोचलं असतं का? मार्थाच्या मानगुटीवर असा कुणी नव्हता. गावच्या न्यायाधीशावर रिबेका फॉस्टरने केलेला बलात्काराचा आरोप तिने १७८९ मध्ये सरळ टिपून ठेवला. खटल्यात तो सुटला, नोंद राहिली.

म्हणून सुईणीवर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा महाराजांच्या छापील पानांवर ठेवता येत नाही. त्यात दोष त्यांचा नाही. तरी तू ती डायरी वाचच. वाचताना मधूनमधून थांब आणि हे वाक्य वेस्टला आवडलं असेल का, एवढं विचारत जा. काय वाटलं ते सविस्तर कळव. फोनवर उरकू नकोस.

तुझा,
मामा