वेळ कोणाच्या बाजूने

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनात रूळ संपतात. मुंबईकडे जाणारी हुसेनसागर एक्स्प्रेस इथूनच सुटते, त्यामुळे सोलापूर-पुण्याकडची मंडळी बॅगा सांभाळत बरीच आधी येऊन बसतात. पूर्वी अशा वेळी पत्त्यांचा कॅट निघायचा, आता मोबाइल निघतो. गाडीची वाट बघताना माझा भाचा हार्थस्टोन खेळतो आणि मी शेजारी बसून बघतो. पत्तेच ते, फक्त कागदाचे नाहीत. युद्धाविषयी आणि वेळेविषयी मी त्या पत्त्यांकडून बरंच काही शिकलो आहे.

खेळाची मांडणी सोपी. दोन्हीकडे एकेक नायक, प्रत्येकाचं आयुष्य ३० गुणांचं. प्रत्येकाजवळ ३० पानं, तीही आपण आधी निवडून जुळवलेली. पहिल्या पाळीला एक मॅना मिळतो, दुसरीला दोन, असं करत दहापर्यंत. पान खेळायचं तर त्याच्या किमतीएवढा मॅना मोजावा लागतो. स्वस्तातली पानं लहान, पण लगेच मैदानात उतरणारी. महागातली पानं भयंकर, पण त्यांची पाळी येईपर्यंत आपण जिवंत राहायला हवं. त्यामुळे खेळणाऱ्यांचे दोन पंथ पडले. एकाला सहाव्या-सातव्या पाळीच्या आत निकाल लावायचा असतो, दुसऱ्याला कसंही करून दहावी पाळी गाठायची असते. मुलं त्यांना अ‍ॅग्रो आणि कंट्रोल म्हणतात.

या खेळाचा पूर्वज म्हणजे रिचर्ड गारफिल्ड यांनी १९९३ साली आणलेला मॅजिक हा कागदी पत्त्यांचा खेळ. त्यावर १९९९ साली माइक फ्लोरेस यांनी एक लेख लिहिला आणि खेळाडूंनी तो आजवर जपला. त्यांचं म्हणणं असं: दोघांचे डेक मिळतेजुळते असले, तरी त्या डावात एकानं चालून जायचं असतं आणि दुसऱ्यानं तग धरायचा असतो. आपण यांपैकी कोण, हे ज्याला उमगत नाही तो हरतो.

हे मी नामपल्लीच्या बाकावर पाहिलं. भाच्याची चौथी पाळी होती. समोरच्यानं दोन चिल्लर सैनिक मांडले होते. भाच्याच्या हातात चार मॅनाची दोन पानं: एक कॉन्सिक्रेशन, जे शत्रूच्या सगळ्यांना दोन-दोन गुणांचा घाव घालतं, आणि दुसरा सेनजिन, ढाल घेऊन वाट अडवणारा. घाव घातला असता तर दोघे तिथल्या तिथे आडवे झाले असते. पटावर वात पेटली, ठिणगी दोरीवरून सरकू लागली. ती टोकाला पोचली की पाळी संपते. भाच्यानं ढालवाला उतरवला. ढालीला टक्कर द्यायची म्हणून समोरच्यानं हातातले आणखी दोघे मैदानात ओतले. पाचव्या पाळीला कॉन्सिक्रेशन पडलं आणि चारही गेले. समोरच्याचा हात जवळजवळ रिकामा. भाचा म्हणाला, "मामा, त्याला घाई होती. मला नव्हती." कॉन्सिक्रेशनचं बळ चौथ्या पाळीला जेवढं होतं तेवढंच पाचव्यालाही होतं. फरक पडला तो ते एक पाळी हातात राहिल्यानं.

आपल्या जुन्या खेळाला हे ठाऊक होतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात गोल, रंगवलेली १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत क्रम उलटा आणि एक्का वरचढ. डाव दिवसा मांडला तर उतारीचा मान रामाचा, रात्री मांडला तर कृष्णाचा. पानाचा मोठेपणा ते कुठे आणि कधी पडतं यावर ठरतो, हे कोकणातल्या घरांनी ओटीवर बसून, हाताची बोटं चित्रांवरून फिरवत शिकून घेतलं होतं.

आणि दख्खनच्या इतिहासालाही ते ठाऊक आहे. पुढे ज्यांनी हैदराबादला राजधानी आणली, त्या निजामांच्या मूळपुरुषाची ही गोष्ट. १७२८ च्या आरंभी निजामुल्मुल्क पुण्यात होता. वय पन्नाशीच्या पुढे, पदरी जबरदस्त तोफखाना. तोफखाना म्हणजे दहा मॅनाचं पान. मांडून व्हायला वेळ लागतो, पण एकदा मांडला की समोर कोण टिकणार? सत्तावीस वर्षांच्या बाजीरावानं तो मांडूच दिला नाही. तो पुण्याकडे फिरकला नाही, निजामाच्याच मुलखात धावत सुटला, आणि त्याला गाठायला निघालेल्या निजामाच्या अवजड तोफा मागे राहिल्या. इथवर बाजीराव हा चालून जाणारा. पण फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला निजाम सापडला, तेव्हा बाजीरावानं तुटून पडायचं टाळलं. वेढा घातला, दाणापाणी तोडलं आणि थांबला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. धावणारा तोच, थांबणाराही तोच. कोणत्या दिवशी कोण व्हायचं, हे त्याला कळलं.

मोबाइलवरच्या डावातही असा पालट येतो. चौथ्या पाळीला तग धरणारा भाचा सातव्या पाळीला स्वतः चालून गेला, कारण तोवर काळ फिरला होता. भूजचा तीर्थ मेहता २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच खेळात कांस्यपदकापर्यंत पोचला. प्रात्यक्षिक प्रकार असल्यानं ते पदक भारताच्या खात्यात मोजलं गेलं नाही, पण मोबाइलवर पत्ते कुटतो म्हणून बोलणी खाणाऱ्या किती मुलांना त्या दिवशी ताठ मानेनं घरात बसता आलं असेल! त्या मुलांचा मला अभिमान वाटतो. घड्याळ अंगावर येत असताना हातातलं चांगलं पान राखून ठेवणं ही मोठी शिस्त आहे.

मात्र खेळानं थांबणाऱ्यालाही मोकळं सोडलेलं नाही. आपली ३० पानं संपली की प्रत्येक उचलीला दंड बसतो: आधी एक गुण, मग दोन, मग तीन. वेळ कायमची कोणाच्याच बाजूनं नसते. म्हणून धीराचं कौतुक करताना मी भाच्याला हेही सांगतो, की राखलेलं पान शेवटी खेळायचं असतं. हातातच राहून गेलेलं पान कितीही मोलाचं असो, त्या डावापुरतं ते नव्हतंच.